“पित्त झालंय” म्हणून किती दिवस काढणार?

आपल्या घरात ‘पित्त’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. डोके दुखले, पित्त. छातीत जळजळले, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मळमळले की पित्त आणि लग्नाचे जेवण जेवून आलेल्या बाईच्या पोटात कळ आली तरी पित्त. एकदा हा शब्द तोंडातून निघाला की पुढचा उपचारही ठरलेला असतो. इनोची पुडी, आल्याचा रस, कोकमाचे सरबत, थंड दूध, नाहीतर नाक्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या. बरे वाटले तर ठीक. नाही वाटले तर “तिचं जुनं पित्त आहे” म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

या एका शब्दाच्या आड एक खराखुरा आजार वर्षानुवर्षे लपून बसतो. तो म्हणजे पित्ताशयातील खडे. आजच्या लेखात त्याविषयी लिहायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, कारकून माणूस. पण मानपाड्यातील आजारी माणसांबरोबर केसपेपरच्या रांगेत उभे राहण्याचा प्रसंग वारंवार येतो. (मानपाडे दोन आहेत, घोडबंदर रोडवरचे ठाण्याचे आणि आपले डोंबिवलीचे. दुखणे मात्र दोन्हीकडे सारखेच.) तिथे जे पाहिले आणि जाणकार डॉक्टरांना विचारून जे पडताळून घेतले तेवढेच येथे मांडतो. वाचून घरीच निदान करू नये. डॉक्टरकडे केव्हा जायचे आणि तिथे काय सांगायचे एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

प्रथम शब्दाचा घोळ सोडवू. कोंबडी साफ करताना आपल्या आया-बहिणी काळजाला चिकटलेली एक हिरवी पिशवी फार जपून काढतात. ती फुटली तर सगळे मटण कडू होते. ती पिशवी म्हणजे पित्ताशय आणि तो कडू हिरवा रस म्हणजे खरे पित्त. माणसाच्या पोटातही तशीच पिशवी असते. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली, यकृताच्या खालच्या अंगाला ती चिकटलेली असते. आपण छातीत जळजळ झाली की ‘पित्त’ म्हणतो, ते मात्र जठरातील आम्ल असते. ते आंबट. आणि अंगावर उठणाऱ्या गांधी म्हणजे ॲलर्जी. त्यांचा या पिशवीशी काही संबंध नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिले आणि तिथेच फसलो.

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला काही रस या पिशवीत साठतो आणि आटून दाट होतो. पिशवी लहानच, तीस ते पन्नास मिलिलिटरची. कटिंग चहाचा अर्धा ग्लास म्हणा ना. आपण तेलातुपाचे खाल्ले की पिशवी आकसते आणि रस नळीवाटे आतड्यात जातो. तिथे तो चरबी पचवायला मदत करतो. या रसात कोलेस्टेरॉल असते, क्षार असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी मोडून तयार झालेले पिवळे रंगद्रव्य असते. यांचे प्रमाण बिघडले की, जसे पाकात साखर जास्त झाली तर तळाला कण बसतात, तसे पिशवीत कण बसतात. कणाचा खडा होतो. कोणाचा एकच, आवळ्याएवढा. कोणाचे मोहरीसारखे शेकड्याने.

खडा नुसता पिशवीत पडून असेल तर काही दुखत नाही. आपण जेवतो, पिशवी आकसते आणि त्याच वेळी खडा तिच्या तोंडाशी येऊन अडकतो. वाट बंद होते, पिशवी जोर लावत राहते. दुखते ते तेव्हा. म्हणूनच ही कळ बहुधा जेवणानंतर तासा-दोन तासांनी येते. त्यातही हळदीचे, बारशाचे, सणासुदीचे तेलकट जेवण झाले की त्या रात्री. पुष्कळांना झोपेतून उठवते.

आता ही कळ कशी असते ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. दुखणे पोटाच्या वरच्या भागात असते, बेंबीच्या वर, छातीच्या खाली. कधी अगदी मधोमध, जिथे आम्लपित्ताचेही दुखते, आणि कधी उजव्या बरगडीखाली. तिथून ते पाठीत जाते, उजव्या खवाट्याच्या खाली, नाहीतर उजव्या खांद्यात. गॅसचे दुखणे येते-जाते. वारा सरला, शौचाला झाली की हलके वाटते. हे तसे नाही. हे दुखणे चढत जाते आणि एका पातळीवर जाऊन ठाण मांडून बसते. कुशीवर वळा, पालथे झोपा, उठून फेऱ्या मारा, आराम नाही. ढेकर आली तरी नाही. अर्धा तास, तास, कधी चार-पाच तास राहते. बरोबर मळमळ, उलटी, घाम. मग जसे आले तसे हळूहळू ओसरते आणि माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत असतो. आठवडा जातो, महिना जातो, काही नाही. मग एखाद्या रात्री पुन्हा.

हे मधले बरे दिवसच घात करतात. दुखणे आपोआप थांबते आणि श्रेय मात्र त्या वेळी जे काही पोटात घेतले त्याला मिळते. इनोला, ओव्याला, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरच्या इंजेक्शनला. इंजेक्शनने कळ थांबते हे खरेच आहे. खडा मात्र जागच्या जागी असतो.

आमच्या बाजूच्या एका मावशींचे उदाहरण सांगतो. वय पन्नाशीच्या आसपास, एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला, ठेकेदाराकडे. चार वर्षे त्यांचे ‘पित्त’ चालले होते. एकदा सूनबाई सांगत आली की आत्यांनी काल रात्री पुन्हा जागून काढली. मी गेलो.

“जयभीम मावशी. काय होतंय?”

“काय नाही रे भाऊ, पित्त उसळतंय. मटणाचा रस्सा खाल्ला की हमखास. खायचंच सोडलंय आता.”

“कुठं दुखतं, बोट ठेवून दाखवा बरं.”

मावशींनी बोट नाही ठेवले, सगळा तळहात उजव्या बरगडीखाली दाबला. मग तोच हात मागे नेऊन पाठीवर टेकवायला बघू लागल्या. “आणि इथं. इथं पाठीत कोणी खिळा ठोकल्यागत.”

“किती वेळ राहतं?”

“टीव्हीवरची मालिका लागते तेव्हा धरतं, ते बारा वाजून गेले तरी सोडत नाही.”

इतके स्पष्ट सांगत होत्या. पण चार वर्षांत त्यांना हा तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आणि त्यांनीही दवाखान्यात गेल्यावर “डॉक्टर, पित्त झालंय” एवढेच सांगितले होते. आपणच रोगाचे नाव सांगितले तर घाईतला डॉक्टर त्याच नावाची गोळी लिहून देणार. सोनोग्राफी झाली तेव्हा पिशवीत सात-आठ खडे निघाले. कामावर किती खाडे पडले याचा हिशेब सूनबाईने कॅलेंडरवर करून दाखवला, तर खड्यांपेक्षा खाडे कितीतरी जास्त.

म्हणून माझा आग्रह असा की डॉक्टरकडे जाताना ‘पित्त’, ‘गॅस’, ‘वात’ हे शब्द घरी ठेवून जावेत. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात आपण दुधाचा हिशेब लिहितो तिथेच लिहावे : कळ किती वाजता आली, आधी काय खाल्ले होते, किती वेळ टिकली, कुठून कुठे गेली, उलटी झाली का, ताप आला का, लघवीचा रंग कसा होता. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या की पान फाडून डॉक्टरपुढे ठेवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरात शाळेत जाणारे पोर असतेच.

याच जागेवर दुखणारे दुसरे एक दुखणे आहे आणि ते याहून धोक्याचे आहे. हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागात दुखून येतो, उलटीही होते. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, बिडी-तंबाखूची सवय असेल आणि अचानक घाम फुटून वरच्या पोटात दुखू लागले, दम लागला, तर खड्यांचा विचार मागाहून. आधी ईसीजी. “पित्त असेल” म्हणून सोडा पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठलाच नाही अशा घटना आपल्या वस्त्यांना नव्या नाहीत.

मूतखड्याचीही यात गल्लत होते. ‘खडा’ शब्द ऐकला की शेजारीपाजारी कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने सुचवतात. मूतखड्याची कळ कमरेच्या बाजूकडून जांघेकडे उतरते आणि तो लघवीच्या मार्गातला खडा असतो. पित्ताशयाचा मार्ग निराळा. भरपूर पाणी प्यायल्याने पित्ताशयातला खडा वाहून जात नाही. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने तो होतो हेही खरे नाही. टोमॅटोच्या, वांग्याच्या बियांनी तर नाहीच नाही. सफरचंदाचा रस, लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पाडण्याचा’ एक उपाय मोबाईलवर फिरत असतो. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवे गोळे पडतात आणि माणूस खूश होतो. ते गोळे त्या तेलाचेच असतात, पोटात त्याचा साबणासारखा गोळा बनतो. खडे होते तिथेच राहतात. ऑलिव्ह तेलाची बाटली केवढ्याला येते हे ज्याने विकत घेतली असेल त्यालाच विचारावे.

हे खडे कोणाला होतात? पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, वय वाढेल तसे जास्त. बाळंतपणे झालेल्या, वजन वाढलेल्या, मधुमेह असलेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना अधिक. आई-मावशीला झाले असतील तर मुलीला शक्यता जास्त. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हे दुखणे पहिल्यांदा डोके वर काढते. नेमके तेव्हाच आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि वर तुपाची धार देत असतो. तिला जेवल्यावर कळ आली तर “बाळंतवात” म्हणून शेक-शेगडीवर भागवू नये. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना, फार दिवस उपाशी राहणाऱ्यांनाही खडे होतात. म्हणजे बारीक माणसाला होत नाहीत असे मुळीच नाही. शिडशिडीत पुरुषांनाही होतात आणि त्यांचे निदान उशिरा होते, कारण कोणाला शंकाच येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांनी खास लक्षात ठेवावी. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या भागातून कामधंद्यासाठी इकडे आलेली पुष्कळ कुटुंबे आपल्यात आहेत. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर मोडतात. मोडलेल्या पेशींचे पिवळे रंगद्रव्य पित्तात साचून त्याचे काळे खडे होतात. ते चाळिशीची वाट पाहत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पिशवीतही सापडतात. तेव्हा सिकलसेल असलेल्या मुलाच्या पोटात वरच्या बाजूला दुखू लागले, डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसू लागले, तर “त्याला अधूनमधून दुखतंच” म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरला सिकलसेलचे कार्ड दाखवून सोनोग्राफीचे विचारावे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, तिचा भर रक्ततपासणीवर आहे. ज्यांचे मूळ गाव तिकडचे आहे त्यांनी लग्नाआधी तपासून घेतलेले बरे. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पुढे कधीतरी.

आता धोक्याच्या खुणा. कळ येऊन ओसरली तर येत्या काही दिवसांत डॉक्टरकडे जायचे. पण कळ पाच-सहा तास होऊनही जात नाही, बरगडीखाली हात लावू देत नाही, ताप चढला, तर पिशवीला सूज आली असे समजावे आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, सकाळची वाट पाहू नये. अशा वेळी डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटे दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. सूज असेल तर श्वास घेता घेता माणूस कळवळून थांबतो. नुसत्या हाताने होणारी ही तपासणी आहे, तिला मशीन लागत नाही.

दुसरे असे की, लहान खडा पिशवीतून निसटून मोठ्या पित्तनळीत जाऊन बसतो. या बाबतीत मोठ्या खड्यापेक्षा मोहरीएवढा खडा जास्त त्रासदायक, कारण तो निसटू शकतो. नळी बंद झाली की पित्त आतड्यात न जाता रक्तात मिसळते. डोळे पिवळे, लघवी गडद, मोहरीच्या तेलासारखी, शौच मात्र पांढुरके, मातकट, आणि अंगाला खाज. ही कावीळच, पण पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ नव्हे. ही नळी तुंबल्याची कावीळ आहे.

आणि कावीळ म्हटली की आपल्याकडे दवाखाना मागे पडतो, ‘उतरवणारा’ पुढे येतो. गळ्यात काड्यांची माळ घालतात, ती रोज लांब होते, म्हणजे कावीळ उतरते म्हणे. हातावर कसला तरी पाला किंवा साल चोळून चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळे होते. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पाणी पिवळे होते, धडधाकट माणसाचे हात धुतले तरी होते. माळेतल्या ओल्या काड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग किती वेळा करून दाखवले आहेत. तरी लोक जातात, याचे कारणही आहे. दूषित पाण्याने झालेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी आणि न घातली तरी. त्यामुळे माळवाल्याचे नाव होते.

नळी तुंबल्याच्या काविळीला ही सवलत नाही. तुंबलेल्या नळीत जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. पोटात दुखणे, कावीळ आणि हुडहुडी भरून ताप, ही तिन्ही एकत्र दिसली की ते जंतू रक्तात जायला वेळ लागत नाही. म्हातारी माणसे असंबद्ध बोलू लागतात, रक्तदाब खाली येतो. इथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. अशा माणसाला रविवारच्या माळेसाठी शनिवारी थांबवून ठेवणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे आहे. घरातली वडीलधारी मंडळी हट्टाला पेटली तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. एकाने रिक्षा बोलवावी.

असाच निसटलेला खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. दुखणे आरपार पाठीत जाते, माणूस पुढे वाकून बसतो, उलट्या थांबत नाहीत. हाही तातडीने भरती करण्याचा आजार. पुरुषाला झाला की वॉर्डातले सगळे त्याच्याकडे एकाच नजरेने पाहतात, “किती पीत होता?” दारूने हा आजार होतो हे खरे. पण खड्यांनीही तितकाच होतो आणि आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाला बायकोमुलांदेखत बदनाम व्हावे लागते. सोनोग्राफी होऊ द्यावी, मग बोलावे.

निदानासाठी मुख्य तपासणी पोटाची सोनोग्राफीच. साध्या एक्स-रेत दहा खड्यांपैकी एखाद-दुसराच दिसतो, म्हणून “फोटो काढला, काही नाही निघालं” यावर समाधान मानू नये. सोनोग्राफीत पिशवीतले खडे जवळपास नेहमीच दिसतात. अट एकच. सहा ते आठ तास पोटात काही नको. आपले लोक जेवत नाहीत पण “चहाने काय होतं” म्हणून दुधाचा चहा घेऊन जातात. दुधातल्या स्निग्धाने पिशवी आकसते, आत काय आहे ते नीट दिसत नाही आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. म्हणजे अजून एक खाडा. नेहमीची औषधे असतील, विशेषतः मधुमेहाची, तर ती त्या सकाळी घ्यायची की नाही हे आधी विचारून ठेवावे. नळीतले खडे सोनोग्राफीत निसटू शकतात. कावीळ असेल तर डॉक्टर रक्ताच्या तपासण्या आणि एमआरसीपी नावाचा वेगळा फोटो सांगतात. नळीतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो, त्याला ईआरसीपी म्हणतात.

जायचे कुठे? डोंबिवलीकरांना महापालिकेचे शास्त्रीनगर, कल्याणला रुक्मिणीबाई, ठाण्याच्या बाजूला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तिथे होणार नसेल त्याची चिठ्ठी घेऊन शीव, केईएम किंवा जे.जे. पगारातून विम्याची कपात होत असेल तर कामगार विमा योजनेचा हक्क आधी वापरावा. ठेकेदाराकडच्या कामगारांनी विमा क्रमांक मागून घ्यावा. पैसे कापतात आणि कार्ड देत नाहीत असे प्रकार सर्रास चालतात. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तिला २०१७ पासून महात्मा फुल्यांचे नाव आहे. त्या योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यालाच विचारावे की हे ऑपरेशन इथे योजनेत बसते का. आधी विचारावे, भरती होऊन डिपॉझिट भरल्यावर नव्हे.

ऑपरेशनला घाबरणारे बरेच. “नुसते खडे काढा, पिशवी ठेवा” अशी विनंती तर नेहमीची. पण पिशवी ठेवली तर तीच पुन्हा खडे तयार करते. बर्लिनचे सर्जन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा सगळी पिशवीच काढली, ती याच विचाराने. पिशवीवाचून माणसाचे अडत नाही. यकृत पित्त तयार करतच राहते, ते थेट आतड्यात उतरते. काहींना थोडे दिवस शौचाला पातळ होते, एवढेच. गोळ्यांनी खडा विरघळवण्याचा उपाय आहे, पण तो लहान आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांनाच लागू पडतो, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो आणि गोळ्या थांबल्यावर पुष्कळांचे खडे परत येतात.

पूर्वी पोटावर वीतभर छेद घेत. १९८५ साली जर्मनीत एरिख म्युह यांनी आणि १९८७ साली फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून, बारीक छिद्रे पाडून पित्ताशय काढले. ही शस्त्रक्रिया आपल्या देशात पहिल्यांदा झाली ती १९९० साली आणि ती एखाद्या पंचतारांकित इस्पितळात नव्हे, तर मुंबईच्या जे.जे. या सरकारी रुग्णालयात. करणारे होते डॉ. तेहेमटन उदवाडिया. १९७२ पासून ते तिथे गरीब रुग्णांच्या पोटातील आजारांच्या निदानासाठी दुर्बीण वापरत होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांची चैन असे तेव्हा म्हटले जाई. डॉ. उदवाडियांचे म्हणणे उलट होते. ज्याची रोजी बुडाली की चूल विझते त्यालाच लवकर बरे होण्याची जास्त गरज आहे. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २०२३ च्या जानेवारीत ते वारले. आज वस्तीतली बाई ऑपरेशन होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते, आठवडा-दोन आठवड्यांत हलक्या कामाला लागते, त्यामागे जे.जे.तले ते काम आहे. पाण्याचे हंडे आणि गोण्या उचलणे मात्र महिनाभर नको, आणि हे बाईला नव्हे, घरच्यांना सांगायला हवे. कधी आत सूज फार असली तर डॉक्टरांना दुर्बीण सोडून मोठा छेद घ्यावा लागतो. त्यात “डॉक्टरने बिघडवलं” असे काही नसते, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच ते केले जाते.

इतके लिहिले म्हणून सगळ्यांनी पिशव्या काढायला धावू नये. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, पण कधी दुखलेले नाही, अशांपैकी बहुसंख्यांना जन्मभर काही त्रास होत नाही. त्यांना बहुधा ऑपरेशनची गरज नसते. “आज काढलं नाही तर कॅन्सर होईल” अशी भीती घालून कर्ज काढायला लावणारेही आहेत. खडा फार मोठा असेल, पिशवीची भिंत जाड किंवा चुन्यासारखी झाली असेल, सिकलसेल असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. अशा वेळी रिपोर्ट घेऊन सरकारी इस्पितळात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. ज्यांना कळा येऊन गेल्या आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांना पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. त्यांनी तारीख मिळेपर्यंत तळलेले, तर्रीचे, तुपाचे कमी करावे, पण उपाशी राहू नये. आणि तारीख मिळाली की “आता दुखत नाही” म्हणून ती बुडवू नये.

राहता राहिले एक. ऑपरेशननंतर खडे बाटलीत घालून घरच्यांना देतात. आपल्याकडे ती बाटली महिनाभर टीव्हीशेजारी असते, आलागेला बघून जातो. त्याला हरकत नाही. पण काढलेली पिशवी तपासणीसाठी पाठवतात आणि तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तो आणायला कोणी फिरकत नाही. क्वचित त्यात कॅन्सरची सुरुवात सापडते, आणि ती डोळ्यांना दिसलेली नसते. टाके काढायला जाल तेव्हा तो कागद मागून घ्यावा, डॉक्टरांकडून वाचून घ्यावा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा.